दक्षिण अमेरिकी सिक्लिड मत्स्यांची सहवासयोग्यता : जुळे सोलापूरच्या संदर्भात

'सिक्लिड' ही संज्ञा एका विस्तीर्ण मत्स्यकुलाची वाचक आहे. या कुलात आजवर वर्णिलेल्या जातींची संख्या १,७०० च्या वर असून, त्यांचा प्रसार मुख्यतः आफ्रिका, मादागास्कर, मध्य व दक्षिण अमेरिका, दक्षिण भारत आणि श्रीलंका या प्रदेशांत आढळतो. गोव्याच्या खाड्यांतील 'कालुंदर' याच कुलातला. उजनी जलाशयातून सोलापूरच्या बाजारात येणारी 'चिलापी'ही याच कुलातली, आणि तिचे नाव म्हणजे 'तिलापिया' या शब्दाचे लोकमुखी रूप होय. शोभेच्या काचपेटीत ठेवले जाणारे एंजल, डिस्कस, ऑस्कर हे दक्षिण अमेरिकी मासेही तिचे दूरचे आप्तच. यांपैकी कोणते मासे जुळे सोलापुरातील एका घरगुती पेटीत परस्परांस अपाय न करता राहू शकतील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. नाव आणि वस्तू

मासे निवडताना पहिला आधार नावाचा घेतला जातो आणि पहिली फसगतही तेथेच होते. व्यापारातील 'जर्मन रॅम' हा मासा मूळचा व्हेनेझुएला व कोलंबिया येथील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. 'जर्मन' हे विशेषण केवळ पैदाशीचे निदर्शक आहे. 'रॅम' या शब्दाचा येथे मेंढ्याशी संबंध नाही. मॅन्युएल रामिरेझ या व्यक्तीच्या नावावरून १९४८ मध्ये दिलेल्या 'रामिरेझी' या जातिनामाचा तो संक्षेप आहे. पुढे हाच संक्षेप बोलिव्हियातील एका निराळ्या जातीस लावला गेला. नाव समान असले, तरी दोहोंच्या गरजा भिन्न आहेत. मुष्टियोद्ध्याचे नाव धारण करणारा 'जॅक डेम्प्सी' हा मध्य अमेरिकेतला आहे आणि 'फ्लॉवरहॉर्न' हा तर मानवनिर्मित संकर असून त्यास नैसर्गिक मायदेशच नाही.

'दक्षिण अमेरिकी' हे विशेषणही याच प्रकारचे आहे. रिओ नेग्रोचे काळसर, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षाररहित पाणी व अँडीजमधून उतरणाऱ्या नद्यांचे गढूळ, उदासीनप्राय पाणी ही दोन्ही त्याच्या पोटात येतात. म्हणून भूखंड एक असणे हे सहवासयोग्यतेचे गमक नव्हे. पाणी, तापमान, आकारमान आणि प्रजननकालीन वर्तन या चार कसोट्यांवर प्रत्येक जात स्वतंत्रपणे पारखावी लागते.

२. पाणी

सोलापूर शहरास उजनी जलाशय, भीमा नदीवरील टाकळी आणि एकरूख तलाव येथून पाणी मिळते. अनेक घरांत त्यास कूपनलिकेची जोड असते. हा सर्व प्रदेश बेसाल्ट खडकाचा असल्याने भूगर्भातील पाणी सामान्यतः दुष्फेन, म्हणजे बोलीत 'जड', व किंचित अल्कधर्मी असते. नळाचे व कूपनलिकेचे पाणी निरनिराळे मोजून पाहणे ही निवडीची पहिली पायरी होय.

पाण्याचा सामू उतरविण्यासाठी त्यात आम्ल मिसळण्याचा मोह होतो. परंतु विरघळलेले कार्बोनेट क्षार कायम असेतो सामू पुन्हा वर चढतो आणि हे चढउतार माशांना स्थिर जडत्वापेक्षा अधिक घातक ठरतात. जडत्व कमी करावयाचे, तर साठविलेले पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्रातील पाणी ठरावीक प्रमाणात मिसळणे हाच सरळ मार्ग आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आटलेल्या पाण्याची भर पुन्हा जड पाण्याने घातली, तर जडत्व महिन्यागणिक वाढत जाते. यास्तव नुसती भर नेहमी क्षाररहित पाण्याचीच घालावी आणि पाणी बदलताना मात्र ठरलेले मिश्रण वापरावे.

३. तापमान

मे महिन्यात सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पाणी तापले की दुहेरी संकट ओढवते. समुद्रसपाटीवरील दाबाखाली २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना तो सुमारे ७ वर येतो. दुसरीकडे, माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे विषारी रूप उष्णतेने व अल्कधर्मित्वाने वाढते. ३० अंश तापमानात सामू ७ असता एकूण अमोनियापैकी शेकडा १ हूनही कमी भाग विषारी असतो. सामू ८ झाला की तोच शेकडा ७ च्या वर जातो. परिणामी, आम्लधर्मी पाण्यात खपून जाणारी गर्दी जड पाण्यात प्राणघातक ठरू शकते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी काही अंशांनी निवते. तथापि खरा उपाय म्हणजे मुळात मासे कमी ठेवणे.

४. मुख, क्षेत्र आणि संतती

माशाच्या मुखात जो मावेल तो त्याचे भक्ष्य होय. ३० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा ऑस्कर लहान माशांस गिळतो. शांत समजला जाणारा एंजलही मोठेपणी निऑन टेट्रा खातो. दुकानात दिसणारे आकारमान हे पिलाचे असते, याचे विस्मरण होता कामा नये.

सिक्लिड कुलाचे खरे वैशिष्ट्य अपत्यसंगोपन हे आहे. जोडी जमली की ती अंडी व पिले यांचे रक्षण करते आणि त्यासाठी एक क्षेत्र बळकावते. एरव्ही सौम्य असलेली जात या काळात आक्रमक होते. म्हणून पेटीची क्षमता केवळ लिटरांत न मोजता, तिच्या तळाशी किती स्वतंत्र क्षेत्रे पडू शकतील, यावरून ठरवावी. दगड, लाकूड व वनस्पती यांची मांडणी अशी असावी की, एका क्षेत्रातून दुसरे दिसू नये.

५. निवड

१२० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाची, म्हणजे सुमारे २४० लिटरांची पेटी गृहीत धरू. डिस्कस माशास २८ ते ३० अंशांची उष्णता मानवते; परंतु त्यास सुफेन पाणी लागते, म्हणून तो वर्ज्य. 'जर्मन रॅम'लाही हीच अडचण लागू आहे. ऑस्कर आकारमानामुळे बाद होतो. उरतात त्यांत बोलिव्हियन रॅम हा मध्यम जड पाणी सोसणारा, तळाशी वावरणारा, सुमारे ८ सेंटिमीटरचा मासा सर्वांत योग्य दिसतो. मधल्या व वरच्या थरासाठी पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेले एंजल घेता येतात. पाच पिले एकत्र वाढवावीत आणि जोडी जमल्यावर उरलेल्यांची सोय अन्यत्र करावी. ती सोय आधी ठरलेली नसेल, तर एंजलऐवजी भित्र्या, सौम्य कीहोल सिक्लिडची जोडी बरी. सोबतीस लेमन टेट्रांचा दहाबारांचा थवा पुरे. तापमान २५ ते २७ अंशांच्या दरम्यान राखल्यास हे सर्व निभावतात. हिवाळ्यात त्यासाठी तापक लागतो.

६. पेटीबाहेरील परिणाम

चुकीच्या निवडीची किंमत पेटीपुरती मर्यादित राहत नाही. नकोसा झालेला मासा जवळच्या जलाशयात सोडणे अनेकांस दयेचे कृत्य वाटते, आणि जुळे सोलापूरला विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव जवळच आहे. तिलापिया १९५२ मध्ये अन्नासाठी म्हणून भारतात आणला गेला. पिले तोंडात सांभाळण्याच्या रीतीमुळे तो जेथे गेला तेथे रुजला आणि देशी माशांचा प्रतिस्पर्धी बनला. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकी 'सकर' मासाही अनेक भारतीय जलाशयांत असाच स्थिरावला आहे. उष्ण पाण्यात वाढणाऱ्या, पिलांचे रक्षण करणाऱ्या सिक्लिड मत्स्यांबाबत हा धोका विशेष संभवतो. यास्तव जो मासा पूर्ण वाढीनंतरही त्याच पेटीत, त्याच पाण्यात, त्याच सोबत्यांसह ठेवता येईल, तोच विकत घ्यावा. नकोसा झालेला मासा विक्रेत्याकडे परत जावा. तलावात कदापि नव्हे.