आंब्याची पेटी आणि हातातला फोन

चैत्र आला की कोकणात आंब्याची गडबड सुरू होते. झेल्याने आंबे उतरवायचे, लहानमोठे निवडायचे, पेंढा घालून पेट्या भरायच्या. या पेट्या मुंबईला जायच्या. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात, पुढे वाशीच्या बाजारात. तेथे दलाल माल विकायचा. अडत, हमाली, गाडीभाडे कापून बाकीचे पैसे बागायतदाराला मिळायचे. या हिशेबाच्या कागदाला पट्टी म्हणतात. पट्टी हातात येईपर्यंत भाव कळत नसे. आपला आंबा कोणाच्या घरी गेला, तो गोड निघाला की आंबट, हे तर कधीच कळत नसे.

आजही पुष्कळ माल वाशीलाच जातो. पण आता दुसरी एक वाट निघाली आहे. ही वाट फोनमधून जाते. तिचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

नवी वाट कशी निघाली?

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला यांवरचे बाजार समितीचे बंधन सैल केले. शेतकऱ्याला आपली फळे बाहेर थेट विकण्याची मोकळीक मिळाली.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. देशभर टाळेबंदी झाली. नेमका तोच आंब्याचा हंगाम! वाशीचा बाजार काही दिवस बंद राहिला. पण झाडावरचा आंबा थांबतो थोडाच? मग पुष्कळ बागायतदारांनी मुंबईतल्या ओळखीच्या लोकांना फोन केले. इमारतींमधल्या लोकांचे व्हॉट्सॲपवर गट होते. गटात निरोप गेला, मागणी जमली, आणि टेम्पो थेट इमारतीच्या फाटकाशी येऊन थांबला. त्याच वर्षी मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली. तिची पहिली गाडी आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीहून बोरिवलीला निघाली. साथ गेली, पण लोकांना लागलेली सवय राहिली.

मामा आणि भाचा

आता एक उदाहरण घेऊ. समजा, देवगडकडे एक मामा आहेत. त्यांची आंब्याची थोडी कलमे आहेत. त्यावरच त्यांचे वर्ष निघते. भाचा मुलुंडला राहतो. भाचा फोन करतो, "मामा, आंब्यांचे फोटो पाठवा."

"अरे, फोटो बघून कोणाचं पोट भरतंय का?"

"पोट नाही भरत मामा, पण तोंडाला पाणी सुटतं."

भाचा इमारतीच्या गटात फोटो टाकतो. खाली लिहितो: आंबा कोणत्या गावचा, डझनाचा भाव काय, गाडी कोणत्या दिवशी येणार. ज्याला जेवढे डझन पाहिजेत, तो तेवढे तेथेच लिहितो. कोणी तोच निरोप घाटकोपरच्या बहिणीला पाठवतो. बहीण अंधेरीच्या मैत्रिणीला पाठवते. दोन दिवसांत ४० डझनांची मागणी जमते. दुकान नाही, रंगवलेली पाटी नाही, की वर्तमानपत्रात जाहिरात नाही.

फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांना समाजमाध्यमे म्हणतात. दुकानाची पाटी फक्त रस्त्याने जाणाऱ्याला दिसते. समाजमाध्यमावरची पाटी घरोघर जाते. आणखी एक मोठा फरक आहे. पाटीला गिऱ्हाईक उलट बोलू शकत नाही. येथे मात्र गिऱ्हाईकही बोलते, आणि ते सगळे ऐकतात.

आधी हिशेब, मग आनंद

भाव जास्त मिळाला म्हणजे नफा जास्त झाला, असे समजू नका. एक हिशेब करून पाहू. यातले आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

४० डझन आंबे, डझनाला ६०० रुपये. एकूण २४,००० रुपये आले.
खोक्यांना १,६०० रुपये गेले.
टेम्पोला ४,००० रुपये गेले.
मजुरीला १,४०० रुपये गेले.
२ डझन खराब निघाले, त्यांचे १,२०० रुपये गेले.

एकूण खर्च ८,२०० रुपये. हाती राहिले १५,८०० रुपये. म्हणजे डझनाला ३९५ रुपये पडले, ६०० नव्हेत! आता वाशीची पट्टी काढा. तिच्यातूनही पेटीचा आणि मजुरीचा खर्च वजा करा. मगच दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिवाय वाशीला एकदम पुष्कळ माल खपतो, फोनवर थोडा थोडा. म्हणून शहाणा बागायतदार दोन्ही वाटा चालू ठेवतो.

साका निघाला तर?

हापूसमध्ये साका ही एक खोड असते. आंबा वरून सोन्यासारखा दिसतो. कापला की आत पांढरट, फोपशा गराचा भाग निघतो. बाहेरून तो कोणालाच कळत नाही. फोटोतही दिसत नाही.

समजा, मामांच्या एका खोक्यात साका निघाला. बाईंनी कापलेल्या आंब्याचा फोटो काढून गटात टाकला. दुपारपर्यंत तो सगळ्या इमारतीने पाहिला. भाच्याचा फोन आला.

मामा म्हणाले, "अरे, साका काय मी घातला? यात माझा काय दोष?"

"दोष तुमचा नाही मामा. पण पैसे त्यांचे गेले."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढच्या गाडीने त्यांना दुसरे आंबे पाठवतो. आणि गटात सगळ्यांना लिही. साका निघाला तर फोटो पाठवा, आंबा बदलून देऊ."

पुढच्या वर्षी गटात पहिला निरोप त्याच बाईंचा आला: "मामांचे आंबे कधी येणार?" मामा रागावून बसले असते, तर तो कापलेला आंबाच सर्वांच्या लक्षात राहिला असता.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट. माल कमी पडला, तर तसे सांगा. बाहेरचा आंबा घेऊन आपल्या नावाने विकू नका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा आंबा कोकणचा हापूस म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. दहा डझनांसाठी दहा वर्षांचे नाव जाते.

दुसरी गोष्ट. मागणी वहीत लिहून ठेवा. नाव, इमारत, किती डझन, पैसे आले की नाही. फोन हरवतो, बिघडतो. वही घरात राहते.

तिसरी गोष्ट. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. कोणी गिऱ्हाईक म्हणून फोन करील आणि सांगेल, "मी पैसे पाठवतो, तुम्ही हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." तो गिऱ्हाईक नव्हे, भामटा आहे. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. असे झालेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

ही सारी माहिती आंब्यापुरतीच नाही. पापड असोत, कोकम असो, गोधडी असो, रीत हीच. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे जुनी माणसे म्हणत. फोनने आपल्याला बोलायला शिकवले, हे चांगलेच झाले. पण फोनवर कोंडा एकदाच खपतो. दुसऱ्या वर्षी गहूच द्यावे लागतात.