गोळीचा नेम आणि गुऱ्हाळाचं चुलवाण

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्य मिळवलं. त्यावरून इंदापूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे, ‘काडतुसात जास्त जोराची दारू भरली तर नेम अधिक चांगला लागेल का?’

उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, हे बारामती-इंदापूरकडच्या माणसाला गुऱ्हाळावर चटकन कळेल. चुलवाणात वाळलेलं चिपाड टाकलं की भडका उडतो आणि क्षणात विझतो. लाकडाचा ओंडका सावकाश जळत राहतो. काहिलीला हवा असतो एकसारखा जाळ. बंदुकीच्या दारूचंही तसंच. जळतो तो तिच्या कणाचा पृष्ठभाग, म्हणून कणाचा आकार हाच जाळाचा लगाम. कणाला मधोमध आरपार भोक पाडलं की बाहेरचा पृष्ठभाग आक्रसत असताना आतला वाढतो आणि जाळ जवळजवळ सारखा राहतो. मला ही युक्ती फार आवडते!

जड गोळी नळीत सावकाश सरकते, तिच्यामागे झटपट जळणारी दारू असेल तर दाब एकदम चढतो. हलकी गोळी आणि संथ दारू अशी जोडी जमवली, तर दारू पुरती जळायच्या आत गोळी नळीबाहेर. परदेशात 300 मीटरचे अनेक नेमबाज काडतुसं स्वतः भरतात, ते ही जोडी जुळवण्यासाठी. ताकद त्यांना दुय्यम असते. दर वेळी तीच गती मिळणं महत्त्वाचं.

हिशेब करून पाहू. 50 मीटरच्या स्पर्धेतली 2.6 ग्रॅमची गोळी साधारण 325 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि लक्ष्यापर्यंत पोचेतो गुरुत्वाकर्षणाने जेमतेम 12 सेंटिमीटर खाली येते. बाकी सगळं तसंच ठेवून वेग 10 मीटरने कमी केला, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागेल. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे 10.4 मिलिमीटर!

या छोट्या काडतुसाच्या कडेतच ठिणगीचा मसाला असतो, ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्यात जातात, ती घट्ट बांधून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच विकत घेतात. ‘सर्वांत वेगवान’ अशी जाहिरात पाहून निवड करणं चुकीचंच. ध्वनीच्या वेगाच्या आसपास गोळीभोवतीची हवा बिथरते, म्हणून या स्पर्धेची काडतुसं मुद्दामच त्याखाली ठेवतात.

हे शास्त्र उभं केलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. 1742 च्या ग्रंथात त्याने लंबकावर गोळी आदळवून तिचा वेग मोजण्याची रीत दिली. ऑयलरने 1745 मध्ये तो ग्रंथ जर्मनमध्ये आणला, स्वतःची भरघोस टिपणं जोडून. रॉबिन्सचा दुसरा प्रयोग तर अफलातून आहे. बंदुकीच्या नळीचं टोक त्याने डावीकडे किंचित वाकवलं. गोळी आधी डावीकडे निघाली आणि पुढे उजवीकडे वळली! नळीच्या उजव्या बाजूला घासत गेल्याने तिला गिरकी मिळाली होती आणि फिरती गोळी हवेत वळते, हे त्याने दाखवलं. नळीत आटे पाडून गोळीला भोवऱ्यासारखं स्वतःच्या अक्षाभोवती फिरवलं, तर ती सरळ जाईल, हेही त्याने 1747 मध्ये मांडलं. आजच्या 50 मीटरच्या रायफलीत ती गोळी सेकंदाला सुमारे 800 फेऱ्या घेते.

विद्यार्थ्यांना एक सांगायलाच हवं. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि दाबाचा अंदाज चुकला तर नळी हातातच फुटते. शिकायचंच असेल तर मान्यताप्राप्त रेंजवर एअर रायफल हाती घ्या.

हवेत फिरणाऱ्या चेंडूच्या वळण्याला आपली पुस्तकं मॅग्नसचं नाव देतात; त्याचं काम 1852 चं. ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून आलेला रॉबिन्स 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला होता. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनो, फिरत्या चेंडूचं हे वळणं शिकवताना फळ्यावर त्याचंही नाव लिहा.