पंक्तीला बसलेला देव

अतिथीला देव मानावे, ही शिकवण आपल्याकडे घरोघर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25 व्या अध्यायाने तीच अधिक अवघड करून मांडली. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र देणे ही ख्रिस्ताची सेवा होय, असे तेथे सांगितले आहे. आणि ही सेवा करावयाची ती त्याच्या बंधूंपैकी अगदी लहानाची. यातील अवघड शब्द 'बंधू' हाच. पाहुणा चार दिवसांनी जातो. धर्मबंधू रोज पंक्तीला असतो, आणि तो आपल्या जातीचा असतोच असे नाही.

महाराष्ट्रात या कसोटीला उतरलेले घर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र सोवळ्यातच राहिल्या. बाजारचा जिन्नस धुऊन घेतल्यावाचून वापरावयाचा नाही, अशा कडक माहेरात त्या वाढल्या होत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या, तरी त्यांचा स्वयंपाक वेगळाच होई. टिळकांनी त्यांना सक्ती केली नाही. पुढे त्यांनी स्वतःच विचार केला, की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत. आणि त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, 1900 साली घेतला. पंक्तीभेद आधी गेला, दीक्षा मागाहून आली.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. धर्म बदलल्याने सोवळे आपोआप सुटत नाही. ते मनाने सोडावे लागते. टिळकांनी 1917 साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही त्यात स्थान ठेविले. 1919 साली ते वारले. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न संपला नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतही जातीच्या भिंती आहेत. एकाच देवाचे नाव घेणारे मृत्यूनंतरही शेजारी नकोत, असा हा हिशेब!

हैदराबादेत चिक्कडपल्लीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला शेजारच्या बाकावर तेलुगू बोलणारा बंधू भेटेल. त्याची जात, त्याचे चर्च, त्याचा पगार न विचारता त्याला घरी जेवावयास बोलावणे, एवढेच आपल्या हाती आहे. देवाचे स्वागत करावयास याहून मोठा मांडव लागत नाही.