रक्ताचे गणगोत

फुलंब्रीसारख्या गावात कुणाला एकाएकी इस्पितळात हलवावे लागले, की बातमी रुग्णाच्या आधी वेशीबाहेर पडते. जळगाव रस्त्याने चौक्यावरून गाडी छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ इस्पितळात पोहोचेपर्यंत भाऊबंद, सोयरेधायरे, शाळासोबती साऱ्यांना वर्दी गेलेली असते. कुणी डबा आणतो, कुणी रात्र जागवतो, कुणी रक्त द्यायला बाही वर करतो. पण सारे गणगोत दाराशी उभे असून एकाचेही रक्त चालू नये, असा प्रसंग आला तर?

असा प्रसंग मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका स्त्रीवर आला. शस्त्रक्रियेच्या वेळी तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिले गेले आणि प्रकृती सुधारण्याऐवजी ढासळली. तपासाअंती कळले, की तिचे रक्त ‘ओ’ नव्हेच. ते ‘बॉम्बे’ गटाचे!

मुंबईचा शोध

या गटाला मुंबईचे नाव मिळाले ते उगीच नव्हे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो प्रथम ओळखला. आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पायाभूत घटक असतो. ‘ए’ आणि ‘बी’ त्याच्यावरच उभे राहतात. ‘ओ’ गटात नुसता ‘एच’ असतो. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ भासतो. पण खरे ‘ओ’ रक्त शरीरात जाताच त्याचे रक्त त्या पेशींवर तुटून पडते. ‘ओ’ गटाच्या पेशींशी मेळ घालून पाहिला, म्हणजे हा गट उघड होतो.

भारतात सुमारे दहा हजारांत एखादाच असा निघतो. त्याला रक्त चालते ते फक्त स्वतःच्या गटाचे. आईवडिलांचेही बहुधा चालत नाही. सख्ख्या भावंडांत मात्र चारांत एक अशी आशा असते.

हाक आणि ओ

रक्ताची पिशवी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकते. इतक्या विरळा गटाची पिशवी कोणती रक्तपेढी भरून ठेवणार? म्हणून या गटाचा खरा साठा पेढीत नसतो. तो चालत्याबोलत्या माणसांत असतो. ही माणसे व रक्तदानाचे कार्यकर्ते व्हॉट्सॲपवर एकमेकांना धरून आहेत. त्यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही.

इंदूरची हाक शिर्डीत पोहोचली. तेथील फुलांचा व्यापार करणारे एक गृहस्थ मोटारीत बसले आणि सुमारे ४४० किलोमीटर तुडवून इंदूरला हजर झाले. नागपूरहून दोन पिशव्या विमानाने आल्या. एक रुग्णाच्या बहिणीने दिली. अशा चार पिशव्यांनंतर तिची प्रकृती सुधारू लागली. सख्खी बहीण आणि तीन परके. पण त्या घडीला चौघेही सारखेच रक्ताचे!

आपण काय करावे?

वाचकहो, गट विरळा नसला तरी हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे. धावपळ सुरू झाल्यावर रक्तदाता शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. गावातल्या गणेश मंडळाने वा तालमीने रक्तदात्यांची यादी आधीच करून ठेवावी. पुरुषाला तीन महिन्यांनी व स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, म्हणून मागील दानाची तारीखही टिपावी. मदतीचा निरोप धाडताना इस्पितळ, रक्तगट आणि तारीख न विसरता लिहावी. गरज भागताच तसे कळवावे. नाहीतर जुनाच निरोप महिनोन् महिने फिरत राहतो आणि खऱ्या हाकेलाही लोक कान देईनासे होतात. बॉम्बे गटाचा कुणी घरात निघालाच, तर त्याच्या भावंडांचेही रक्त तपासून घ्यावे.

दिवाळीला आपण आप्तांची यादी करतोच. यंदा तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे रक्तगटही लिहून ठेवला तर?