विश्लेषण : चार्जिंग शिल्लक असूनही ई-स्कूटर मध्येच बंद का पडते?

चढावर दोघांना घेऊन निघालेली ई-स्कूटर डिस्प्लेवर ३५ टक्के चार्जिंग दिसत असताना अचानक बंद पडते. मागून डंपर येत असतो. कशीबशी बाजूला घेऊन बंद-चालू केली की काही झालेच नाही अशी ती पुन्हा धावते. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर ‘गाडीत काही दोष नाही’ असे उत्तर मिळते. ई-दुचाकी चालवणाऱ्या अनेकांना ओळखीचा वाटावा असा हा प्रकार. तो नेमका कशामुळे होतो?

आधी काय बंद पडले ते पाहा

डिस्प्ले आणि दिवे सुरू आहेत, फक्त मोटर थांबली आहे, तर बॅटरीवर संशय नंतर घ्या. ब्रेक दाबताच मोटरचा पुरवठा तोडणारा छोटा स्विच लिव्हरपाशी असतो. पावसाचे पाणी किंवा चिखल जाऊन तो अडकला, की स्कूटरला ब्रेक सतत दाबलेलाच वाटतो. साइड स्टँडच्या सेन्सरचेही तेच. कंट्रोलर तापला तरी मोटर थांबते किंवा वेग उतरतो. या तक्रारींची दुरुस्ती तुलनेने स्वस्त असते.

डिस्प्लेसकट सगळेच विझले, तर मात्र प्रश्न मुख्य बॅटरीचा किंवा तिच्या जोडण्यांचा असू शकतो. (काही गाड्यांत १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. तिथे मुख्य पुरवठा तुटूनही डिस्प्ले जिवंत राहतो आणि एरर कोड दाखवतो.)

३५ टक्के असताना बॅटरी ‘संपते’ कशी?

बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे. लिथियम सेलचे, समजा, १४ गट एकामागे एक जोडले की साधारण ५० व्होल्ट मिळतात. बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, यातल्या प्रत्येक गटावर नजर ठेवते. एकाही गटाचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली, बहुधा २.८ ते ३ व्होल्टच्या आसपास, गेला की ती अख्खा पुरवठा तोडते.

चढावर मोटर २.५ किलोवॅट खेचते, म्हणजे ५० अँपिअर. चांगल्या गटाचा दाब तेव्हा ३.६ वरून ३.३५ पर्यंत उतरेल. जुना झालेला, अंतर्गत रोध तिप्पट वाढलेला गट मात्र ३.५ वरून थेट २.७५ वर येतो. तेरा गट ठणठणीत, एक आजारी, आणि गाडी बंद! भार जाताच त्या गटाचा दाब पुन्हा वर येतो. म्हणूनच सर्व्हिस सेंटरमध्ये उभ्या गाडीवर मीटर लावून काहीच सापडत नाही. चाचणी भाराखालीच व्हायला हवी आणि प्रत्येक गटाचा दाब स्वतंत्र पाहायला हवा, ही मागणी ग्राहकाने आग्रहाने करावी. थंडीत सेलचा रोध वाढतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटे हा दोष आधी उघडा पडतो.

खड्ड्यात गेली की बंद?

मग कनेक्टर सैल आहे. जोडणीत केवळ ०.०२ ओहम रोध आला, तरी ५० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते. साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या दुप्पट! प्लग काळवंडला असेल, प्लास्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका, चार्जिंगलाही लावू नका.

‘बीएमएस काढून टाकू’ म्हणणारे मेकॅनिक

हा सल्ला ऐकू नये. बीएमएस काढल्यावर गाडी चढ चढेलही, पण आजारी सेल मर्यादेपलीकडे रिकामा होत राहील आणि पुढच्या चार्जिंगला धोका वाढेल. २०२२ मध्ये ई-दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्राने एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे निकष कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, आणि बीएमएस त्यातला महत्त्वाचा भाग आहे. बॅटरी घरी उघडण्याचा प्रयोगही नको, शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर वाहू शकतात.

तक्रार कशी नोंदवावी?

गाडी बंद पडली की प्रथम मिळेल तेवढ्या गतीवर डाव्या कडेला या. थांबल्यावर, बंद-चालू करण्याआधी डिस्प्लेचा फोटो घ्या, कारण रीसेट केल्यावर कोड अनेकदा पुसला जातो. चार्जिंगचे टक्के, चढ की सपाट, मागे कोणी बसले होते का, हे लिहून ठेवा. तीन-चार नोंदी झाल्या की ‘दोष नाही’ हे उत्तर टिकत नाही. जॉब कार्डवर ‘चालू गाडी बंद पडते’ हेच शब्द लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’ नव्हे. वॉरंटीत असूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.