डेस्कटॉप घ्यायचाय? आधी एसएमपीएसचं बोला

कारध्याचा माणूस लाख-दीड लाखाचा डेस्कटॉप घ्यायला निघाला, की वैनगंगेचा पूल ओलांडून भंडारा आणि तिथून थेट नागपूरची सीताबर्डी. दुकानात पहिला प्रश्न प्रोसेसरचा. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, विषय निघतो बिल होताना, तोही पैसे वाचवायला.

गैरसमज : आज जमेल ते घेऊ, बाकी नंतर वाढवू.
वस्तुस्थिती : रॅम आणि एसएसडीपुरतं खरं. प्रोसेसर मात्र मदरबोर्डच्या सॉकेटला बांधलेला. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे २०१७ मधले बरेच बोर्ड बायोस अपडेट करून २०२२ च्या रायझनलाही चालले. उलट इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट आलं २०२१ अखेर. २०२४ च्या कोअर अल्ट्रा डेस्कटॉप मालिकेला नवं सॉकेट लागलं. तेव्हा या सॉकेटवर पुढची पिढी येणार का, हे आधी विचारा.

गैरसमज : घरात यूपीएस आहे, लाइट गेली तरी चिंता नाही.
वस्तुस्थिती : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. आरटीएक्स ४०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत ओढतं. काम ऐन रंगात असताना लाइट गेली, की यूपीएस मशीनसकट बसतो. आणि मोठ्या एसएमपीएसने वीजबिल फुगतं म्हणतात, तेही खोटं. तो लागेल तेवढीच वीज घेतो.

गैरसमज : लिक्विड कूलिंग लावलं, आता उन्हाळा काय करणार?
वस्तुस्थिती : पंखा असो वा पाणी, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. एसीच्या २२ अंशांत ७५ वर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात, खोली ४२ ला गेली की, ९५ च्या आसपास जातो. तिथे बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे जास्तीच्या वेगाचे पैसे मोजायचे आणि भर लग्नसराईत, व्हिडिओ एडिटिंगचा ढीग पडलेला असताना, तोच वेग मिळायचा नाही! त्यापेक्षा एक पायरी खालचा प्रोसेसर आणि जाळीचं, हवेशीर कॅबिनेट घ्यावं. वाळ्याच्या कूलरने खोली जरूर थंड करा, पण कॅबिनेट त्याच्या झोतात नको. पाण्याचे तुषार आत जातात.

गैरसमज : दुसरी हार्ड डिस्क टाकली, बॅकअप झाला.
वस्तुस्थिती : दोन्ही डिस्क एकाच डब्यात. डबा बुडाला, की दोन्ही गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं होतं. बाहेरची एक डिस्क घ्या आणि ती नदीपासून लांबच्या नातेवाइकाकडे ठेवा.