सोलापूरचा हापसा, सोरोटीचं पाणी

पूर्व युगांडात सोरोटीच्या आसपासच्या खेड्यांत सकाळी हापशापुढे पिवळ्या कॅनची रांग लागते. मुळात हे खाद्यतेलाचे वीस लिटरचे कॅन. तेल संपलं की पुढचं सगळं आयुष्य पाणी वाहण्यात जातं. हापसा म्हणजे तीन पायांवर उभा पोलादी खांब, वर पेटीसारखं डोकं आणि लांबलचक दांडा. मराठवाड्यातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. वाटणारच, कारण त्याचं घराणं जालना-सोलापूरचं आहे.

1960 च्या दशकात आपल्याकडे दुष्काळी गावांत बोअर पाडल्या गेल्या, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हापसे एका कुटुंबापुरते बेतलेले होते. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते मान टाकायचे. जालन्यात ख्रिस्ती मिशनतर्फे बोअर पाडणाऱ्यांनी आणि पुढे सोलापूर वेल सर्व्हिसने पोलादाचा दणकट हापसा घडवला. 1970 च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने त्यात सुधारणा केल्या आणि ‘इंडिया मार्क टू’ जन्मला. त्याचं पेटंट कुणाकडेच नाही. म्हणून तो आफ्रिकेत सहज पोचला; युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात.

त्याच्या पोटातली करामत बघण्यासारखी आहे. पाणी वरून शोषून घ्यायचं म्हटलं तर निसर्ग दहा मीटरवर हात वर करतो. हवेचा दाब त्याहून उंच पाणी चढवूच शकत नाही. सोरोटी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, म्हणजे तिथे तेवढंही नाही. आणि पाणी तर तीस मीटर खोलही असू शकतं! म्हणून पंपाचा सिलिंडर थेट पाण्यात बुडवतात आणि पाणी खालून उचलतात. अडीच इंची सिलिंडरच्या दट्ट्यावर तीस मीटर पाण्याचा भार येतो सुमारे 95 किलो. दांड्याची तरफ तो आठपटीने हलका करते, म्हणून दहा वर्षांची पोरसुद्धा हापसू शकते.

दांड्याचं टोक वर्तुळाच्या कंसात फिरतं, दट्ट्याची सळई मात्र सरळच वर यायला हवी. हा पेच सोडवला सायकलच्या चेनसारख्या एका साखळीने. दांड्याच्या टोकाला कमानीसारखा तुकडा असतो; साखळी त्यावर गुंडाळत, सुटत राहते आणि सळई वाकडी ओढलीच जात नाही. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणजे कुणी कितीही दांडगाई केली तरी सळई दाबून वाकत नाही. खाली जाते ती स्वतःच्या वजनाने. मला यंत्रातली ही सगळ्यात देखणी जागा वाटते.

पण पाणी शुद्ध कोण करतं? जमीनच. ग्रॅनाइटच्या वरच्या झिजलेल्या थरांतून पाणी सावकाश झिरपतं, जंतू गाळले जातात किंवा वाटेतच मरतात. हापशाचं काम एवढंच, की त्या पाण्याला पुन्हा घाण लागू द्यायची नाही. बोअरचं तोंड बंद, भोवती काँक्रीटचा ओटा, सांडपाण्याला लांब नेणारी नाली. शिवाय सिलिंडर पाण्यातच असल्याने वरून तांब्याभर पाणी ओतून पंप चालू करावा लागत नाही; वरून पाणी शोषणाऱ्या हापशांत त्याच तांब्यातून डबक्यातले जंतू आत जायचे.

घात होतो तो पाइपात. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भूजल किंचित आम्लधर्मी आहे. ते गॅल्व्हनाइज्ड पाइपावरचं जस्त खातं, मग लोखंड. पाणी तांबूस येतं, कपड्यांवर डाग पडतात, अन्नाला लोखंडाची चव येते आणि बायका पुन्हा डबक्याकडे वळतात. त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. तांबड्या पाण्याचा भात आपण तरी खाऊ का? यावर उतारा म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप आणि स्टेनलेस स्टीलच्या सळया, म्हणजे युगांडातला ‘यू थ्री एम’. त्यात पाइप इतका रुंद असतो की वायसर झिजलं तर सळया ओढून दट्ट्या पाइपातूनच वर काढता येतो, सगळे पाइप उपसावे लागत नाहीत. तेवढं काम परिसरातला मेस्त्री थोड्याशा अवजारांवर करतो. त्याची मजुरी गावची पाणी समिती घराघरातून गोळा केलेल्या पैशांतून देते. पैसे जमले नाहीत, की हापसा वायसरवाचून महिनोन्‌महिने बंद.